काहील, जीप आणि अटलांटिक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२००५ च्या पावसाळ्यात कृष्णा, वारणा, पंचगंगा या नद्यांना महापूर आला, तेव्हा आमच्या वारणाकाठच्या गावालाही पाण्याने वेढा घातला. गावातल्या एका हौशी गृहस्थांनी आपली डिझेल जीप त्या पाण्यात घातली. गाडी उंच आहे, जाईल पलीकडे, असा त्यांचा हिशेब. पाणी बॉनेटपर्यंत चढले आणि हवेच्या फिल्टरमधून थेट सिलिंडरमध्ये शिरले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनाने एक आचका दिला, कनेक्टिंग रॉड वाकला आणि जीप जागच्या जागी थांबली.

त्याच संध्याकाळी चार पोरांनी गुऱ्हाळातली गुळाची काहील ओढत आणून पाण्यात लोटली. हातात दोन बांबू घेतले आणि आजारी माणसे, म्हाताऱ्या बायका, लहान मुले अशी तीन-तीन, चार-चार माणसे पलीकडे नेऊन सोडली. ज्या भांड्यात वर्षानुवर्षे उसाचा रस आटला होता, ते भांडे त्या दिवशी होडी झाले. आमच्या भागात हे नवल नाही. पूर आला की काहील पाण्यात उतरते, हे जुनी माणसे जाणतात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवण्यात माझी नोकरी गेली. ती बंद पडलेली जीप पुढे मीच उघडली. वाकलेला रॉड हातात घेऊन बसलो असताना मला एका माणसाची आठवण झाली. त्याने अशीच एक जीप पाण्यात घातली होती. फरक एवढाच की ते पाणी वारणेचे नव्हते, अटलांटिक महासागराचे होते. आणि त्याची जीप पलीकडे पोचली होती. आज मी त्याच माणसाविषयी बोलणार आहे.

त्याचे नाव बेन कार्लिन. जन्म १९१२ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दम या गावचा. शिकला खाणीचे काम, काही काळ चीनमध्ये नोकरी केली, आणि दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर भारतीय लष्करात इंजिनिअर अधिकारी म्हणून दाखल झाला. युद्ध संपले तेव्हा तो मेजर होता. १९४६ साली बंगालमधल्या कलाईकुंडा विमानतळावर एका मित्राबरोबर फिरताना त्याला लष्कराच्या सामानात एक चमत्कारिक गाडी उभी दिसली. वरून जीप, खालून होडी. कार्लिन मित्राला म्हणाला, थोडी डागडुजी केली तर हिच्यातून जगाला फेरी मारता येईल. मित्राने त्याला वेड्यात काढले. म्हणजे या साऱ्या कथेचे बी आपल्याकडे, खरगपूरजवळच्या मातीत पडले, असे म्हणायला हरकत नाही.

ती गाडी अमेरिकेत फोर्ड कंपनीने बनवलेली होती. लष्करी नाव 'जीपीए'. नेहमीच्या जीपची यंत्रे घ्यायची आणि ती पत्र्याच्या होडीत बसवायची, अशी कल्पना. १९४२-४३ या दोन वर्षांत अशा बारा हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. बेडकासारखी उभयचर गाडी. पाण्यात उतरली की गिअरबॉक्समधून निघणारा आणखी एक दांडा मागचा पंखा फिरवी, आणि त्याच स्टिअरिंगने पाठीमागचे सुकाणू वळे. ऐकायला छान. वापरायला मात्र गाडी फसवी निघाली. ठरल्यापेक्षा वजन बरेच वाढले, सुमारे सोळाशे किलोवर गेले, पण होडीचा आकार त्या मानाने वाढवला नाही. त्यामुळे ती पाण्यात खोल बसे. कडेची उंची इतकी कमी की जरा मोठी लाट आली की पाणी आत. शांत नदी ओलांडायला ठीक, समुद्रात धोक्याची. अमेरिकन सैन्याने तिचा नाद लवकरच सोडला आणि बऱ्याच गाड्या रशियाला देऊन टाकल्या.

सैन्याने ज्या गाडीत किनाऱ्याजवळ बसायचे टाळले, तीच गाडी महासागरासाठी निवडायची, हे धाडस की मूर्खपणा? कार्लिनच्या ओळखीच्या बहुतेकांचे मत दुसऱ्या बाजूला होते.

१९४७ साली त्याने अमेरिकेत लष्करी लिलावातून सुमारे नऊशे डॉलरला एक वापरलेली जीपीए विकत घेतली आणि मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस येथे तिचे काम काढले. पुढचे टोक लांब करून निमुळते केले, वर पत्र्याची बंद केबिन चढवली, सुकाणू बदलले, रेडिओ बसवला. पण खरा प्रश्न लाटांचा नव्हताच. खरा प्रश्न पेट्रोलचा होता.

हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडत असे. मूळ गाडी पंधरा फूट लांब आणि सव्वापाच फूट रुंद. म्हणजे पाण्यावर टेकणारा तळ साधारण सात चौरस मीटरचा. तिच्यात एक टन पेट्रोल भरले तर आर्किमिडीजच्या नियमाने आणखी एक टन, म्हणजे सुमारे एक घनमीटर पाणी बाजूला सारले पाहिजे. त्यासाठी गाडी पाच ते सहा इंच आणखी खाली जाणार. जिच्या कडा आधीच पाण्यालगत आहेत, ती गाडी पाच इंच खाली गेली की बुडालीच म्हणायची. आणि पेट्रोल नेले नाही, तर समुद्राच्या मधोमध पंप कुठला?

कार्लिनने यावर काढलेली तोड एखाद्या गावठी मिस्त्रीला शोभावी अशी होती. त्याने पेट्रोल गाडीत ठेवलेच नाही, गाडीच्या बाहेर ठेवले. एक टाकी पोटाखाली, एक नाकाशी, आणि एक टाकी दोराने पाठीमागे ओढत न्यायची. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास, एक लिटर समुद्राच्या पाण्याचे किलोहून किंचित जास्त. म्हणजे पाण्याखाली असलेली भरलेली टाकी गाडीला खाली ओढत नाही, टाकीचा पत्रा फार जड नसेल तर उलट थोडी वरच उचलते. ज्या ओझ्याने गाडी बुडणार होती, त्याच ओझ्याला त्याने तरंगायला लावले.

गाडीचे नाव त्याने ठेवले 'हाफ-सेफ'. म्हणजे अर्धी सुरक्षित. घामाच्या वासावरच्या एका औषधाची त्या काळी जाहिरात होती, तिच्यात अर्ध्याच सुरक्षित राहू नका, असा इशारा होता. कार्लिनने तो शब्द उचलला आणि गाडीवर रंगवला. विनोदच, पण खोटा नव्हे.

१९४८ च्या जून महिन्यात तो न्यूयॉर्कहून निघाला. बरोबर होती त्याची पत्नी एलिनॉर. ती अमेरिकन, रेड क्रॉसमध्ये काम केलेली. पहिला प्रयत्न फसला. दुसरा फसला. एकदा इंजिनाचा धूर बंद केबिनमध्ये कोंडला आणि विषारी वायूने दोघांचा जीव जायची वेळ आली. एकदा समुद्रात गाडी बंद पडली, ती दिवसेंदिवस वाहत राहिली आणि शेवटी एका तेलवाहू जहाजाने दोघांना गाडीसकट उचलून घेतले. १९४८ आणि १९४९ या दोन वर्षांत मिळून चार प्रयत्न वाया गेले. प्रत्येक वेळी परत यायचे, गाडी खोलायची, काय चुकले ते शोधायचे, पैसे जमवायचे आणि पुन्हा निघायचे.

१९ जुलै १९५० रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरातून पाचवा प्रयत्न सुरू झाला. सुमारे महिनाभराने ही गाडी अझोर्स बेटांपैकी फ्लोरेसला लागली. हॅलिफॅक्स ते फ्लोरेस हे सरळ अंतर अंदाजे २,७०० किलोमीटर. भागाकार करून पाहा. ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास पडतात. पंढरीच्या वाटेवरचा वारकरीही याहून भरभर चालतो. एका मोटारगाडीएवढ्या जागेत दोन माणसे, पेट्रोलचा वास, इंजिनाचा रात्रंदिवस आवाज, आणि वेग पायी चालण्यापेक्षा कमी. महासागर ओलांडणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिडे आणि फेस येतो. इथे प्रत्यक्षात होते ते दोन माणसांचे महिनाभर न हलता बसणे.

पुढे मदेरा बेट लागले. वाटेत जबर वादळाने गाठले. १९५१ च्या फेब्रुवारीत गाडी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, केप जुबी येथे वाळूवर चढली. तिथून वाळवंटाच्या कडेने उत्तरेला, जिब्राल्टरची सामुद्रधुनी त्याच गाडीने पार, मग युरोप, मग इंग्लिश खाडी. १९५२ उजाडताना दोघे बर्मिंगहॅमला पोचले होते. तिथे मुक्काम तीन वर्षे लांबला. गाडी पुन्हा उभी करायची होती, पैसा हवा होता आणि पुस्तक लिहायचे होते. ते १९५५ साली प्रसिद्ध झाले आणि चांगले खपले.

त्याच वर्षी ते पुन्हा निघाले. युरोप, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करीत गाडी भारतात आली आणि कलकत्त्याला पोचली. ज्या बंगालमध्ये नऊ वर्षांपूर्वी मित्र हसला होता, त्याच बंगालच्या रस्त्यावर अटलांटिकचे पाणी प्यायलेली ही जीप उभी राहिली. कार्लिनच्या मनात त्या दिवशी काय आले असेल, याची मी पुष्कळदा कल्पना केली आहे. पण माझे मन त्याच्यापेक्षा त्याच्या पत्नीपाशी जास्त रेंगाळते.

एलिनॉरला समुद्र लागत असे. एखादा दिवस नव्हे, दिवसेंदिवस. तरी ती अटलांटिकच्या प्रत्येक प्रयत्नात गाडीत होती. त्या धुराच्या वेळी होती, जहाजाने उचलले तेव्हा होती, वादळातही होती. आळीपाळीने पहारा तिनेही दिला. यंत्राचे वेड तिचे नव्हते, तिच्या नवऱ्याचे होते. कलकत्त्यानंतर मध्ये ऑस्ट्रेलियाचा दौरा झाला, आणि त्यापुढच्या प्रवासात एलिनॉर नव्हती. संसार मोडला. वाकलेला रॉड मी सरळ करून देऊ शकतो, नाही झाला तर नवा घालतो. घरातल्या माणसाच्या सहनशक्तीला मात्र सुटा भाग मिळत नाही. गाडीचे नाव अर्धी सुरक्षित होते. जी अर्धी बाजू सुरक्षित नव्हती ती पत्र्याची होती असे आपण समजतो. मला वाटते, ती बाजू शेजारच्या आसनावर बसलेली होती.

कार्लिन थांबला नाही. बंगालच्या उपसागरातून अक्याब, मग ब्रह्मदेश, सयाम, व्हिएतनाम, तिथून समुद्राने हाँगकाँग आणि अखेर जपान. या टप्प्यात बॅरी हॅनली नावाचा तरुण ऑस्ट्रेलियन बरोबर होता. जपानपासून अलास्कापर्यंत बोये डी मेंटी हा टोकियोत राहणारा अमेरिकन पत्रकार सोबतीला आला. उत्तर पॅसिफिकचा तो धुक्याचा, थंडीचा समुद्र ओलांडून १९५७ मध्ये ते अ‍ॅल्यूशियन बेटांवर आणि पुढे अँकरेजला पोचले. डी मेंटीने नंतर या प्रवासावर पुस्तक लिहिले. आपण एकदा मूर्खपणा केला, असे सुचवणारे नाव त्याने त्या पुस्तकाला दिले, यातच सारे आले. मे १९५८ मध्ये माँट्रिऑल येथे फेरी पूर्ण झाली. पाण्यावर सुमारे १७,००० किलोमीटर, जमिनीवर सुमारे ६२,०००. पहिल्या प्रयत्नापासून धरली तर दहा वर्षे. उभयचर गाडीतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा नोंदीत तो एकटाच आहे.

पुष्कळ जण विचारतात, या गाडीत असे काय होते? मी सांगतो, काही नव्हते. इंजिन साध्या जीपचे, साठ अश्वशक्तीचे. खारे पाणी लागले की चाकांची बेअरिंगे गंजतात, तिचीही गंजत. पण कार्लिनने ती गाडी स्वतः कापली होती, स्वतः जोडली होती. तिचा प्रत्येक नटबोल्ट त्याच्या हाताखालून गेला होता. चार वेळा ती मोडली, म्हणून ती कुठे मोडते हे त्याला ठाऊक झाले. कारखान्यात बनलेली गाडी आपण चालवतो. स्वतः बनवलेली गाडी आपण ओळखतो. समुद्राच्या मधोमध चालवता येण्यापेक्षा ओळखता येणे उपयोगी पडते.

कार्लिनच्या बाबतीत मात्र एक गोष्ट विसरू नये. त्याला जायलाच पाहिजे असे काही नव्हते. चारदा फसल्यावर तो घरी बसला असता, तर कोणी त्याला दोष दिला नसता. ज्यांना असे घरी बसण्याचे सुख नव्हते, त्यांनीही गाड्या समुद्रात घातल्या आहेत. त्यासाठी पन्नास वर्षे पुढे, क्यूबाच्या किनाऱ्यावर जावे लागेल.

१९६० च्या दशकात अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. नव्या अमेरिकन गाड्या आणि त्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. तेव्हा तिथल्या लोकांनी १९४०-५० च्या काळातल्या जुन्या शेव्हरोले, ब्यूक, फोर्ड गाड्या दुरुस्त करकरून चालू ठेवल्या. मिळेल ते इंजिन घालायचे, नसेल तो भाग घडवायचा. तीन पिढ्यांनी ही विद्या हातात ठेवली. जुलै २००३ मध्ये लुईस ग्रास आणि त्याच्या सोबत्यांनी १९५१ सालचा शेव्हरोले ट्रक घेतला, त्याला रिकामी पिंपे बांधली, इंजिनाच्या दांड्याला पंखा जोडला आणि बारा माणसे घेऊन समुद्रात सोडला. समोरचा फ्लोरिडा दीडशे किलोमीटरच्या आत. ट्रक चालत राहिला. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचे की वेस्ट बेट सुमारे पासष्ट किलोमीटर उरले असताना अमेरिकन तटरक्षकांनी त्यांना अडवले. माणसांना उतरवून क्यूबाला परत पाठवले आणि इतर जहाजांना अडथळा नको म्हणून ट्रक बुडवून टाकला.

त्या काळी अमेरिकेचा नियम विलक्षण होता. क्यूबाच्या माणसाचा पाय अमेरिकेच्या जमिनीला लागला, तर त्याला राहता येई. तो पाण्यात सापडला, तर परत. म्हणजे ओल्या पायाचा कायदा वेगळा, कोरड्या पायाचा वेगळा. हा नियम २०१७ च्या जानेवारीत रद्द झाला. जमीन आणि पाणी यांच्यामधली रेघ कार्लिनला गंमत म्हणून ओलांडायची होती. या लोकांचे सारे आयुष्य त्या रेघेवर टांगलेले होते.

ग्रासने काय केले? सात महिन्यांत दुसरी गाडी तयार केली. या वेळी १९५९ सालची ब्यूक. दारांच्या फटी बुजवल्या, पंखा बसवला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये बायको-मुलासह, आणखी काही जणांना घेऊन तो पुन्हा निघाला. पुन्हा पकडला गेला. या वेळी त्याच्या कुटुंबाला ग्वांतानामोच्या तळावर ठेवले, मग कोस्टारिकात पाठवले. तिथून जमिनीच्या वाटेने, मेक्सिकोमार्गे ते २००५ साली अमेरिकेत पोचले. ज्या माणसाने दोन गाड्यांना पोहायला शिकवले, तो शेवटी कोरड्या पायांनीच पोचला.

कार्लिन १९८१ साली पर्थमध्ये वारला. त्याची 'हाफ-सेफ' आता पर्थमधल्या त्याच्या जुन्या शाळेत, गिल्डफर्ड ग्रामर स्कूलमध्ये ठेवलेली आहे. त्याच्या प्रवासाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचे पुस्तकही शाळेनेच १९८९ साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी प्रसिद्ध केले. त्या ट्रकला मात्र कुठले संग्रहालय नाही, तो समुद्राच्या तळाशी आहे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी पहिल्या दिवशी मुलांना ही गोष्ट सांगत असे. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, सर, मग गाडी पाण्यात घालायची की नाही? वर्ग हसला. मी म्हणालो, आधी ती पूर्ण खोलून पूर्ण जोडायला शीक. मग आत कोणाला बसवणार आहेस ते बघ, आणि त्याला विचार. एवढे झाल्यावर घालायची की नाही, ते तुझे तुलाच कळेल.

आमच्या गावची ती काहील पाणी ओसरल्यावर घासूनपुसून पुन्हा गुऱ्हाळात गेली. दिवाळीनंतर तिच्यात पहिला गूळ पडला, तेव्हा पुरात तिच्यातून पलीकडे गेलेल्या एका आजींनी मुद्दाम येऊन तिला हळदकुंकू वाहिले. जीपच्या मालकांनी तेवढ्यात मला विचारले, मास्तर, आमची गाडी पुढच्या पुरात जाईल का? मी त्यांना हवेच्या फिल्टरची नळी टपापर्यंत उंच करून दिली. आणि तरीही, पाणी आले तर गाडी उंचावर लावा आणि काहील बोलवा, असेच सांगितले.